पहिल्या ग्रॅमच्या पुढचं काम: संशोधन-निधी समित्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या संशोधन-निधी समित्यांचे सन्माननीय सदस्य

विषय: नॅनोसेल्युलोजच्या प्रकल्पांना निधी देण्याच्या निकषांबाबत

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मंजूर प्रकल्पांच्या याद्या लागल्या की मी त्या नेमाने वाचते, कारण माझ्या हाताखालच्या मुलामुलींना त्यातूनच पुढची वाट शोधायची असते. या याद्यांत एक शीर्षक हमखास भेटतं: 'अमुकपासून सेल्युलोज नॅनोक्रिस्टल्सची निर्मिती व गुणधर्मांचा अभ्यास'. अमुकच्या जागी कधी केळीचं खोड, कधी संत्र्याची साल, उसाचं चिपाड, तुराट्या, सोयाबीनचं कुटार, जलपर्णी, नारळाचा काथ्या. बाकी सगळं तेच. तेच ॲसिड, तेच तापमान, तेच एक्सआरडीचे (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याचे) आलेख, आणि शेवटच्या परिच्छेदात 'या पदार्थाचा उपयोग पॅकेजिंग, औषधनिर्मिती आणि जलशुद्धीकरणात होऊ शकेल' हे वाक्य. तो उपयोग कोणी करून पाहायचा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

माझी विनंती सरळ आहे. या विषयासाठी पुढच्या वर्षी जो पैसा बाजूला काढाल, त्यातला निम्मा तरी पहिला ग्रॅम हाती आल्यानंतरच्या कामाला द्या. ॲसिड परत कसं मिळवायचं, पदार्थ वाळवायचा कसा, आणि दर खेपेला माल सारखाच निघेल याची खात्री कशी करायची, या तीन प्रश्नांवर आपल्याकडे फार थोडे लोक काम करतात. आणि जे करू पाहतात त्यांना 'यात नावीन्य नाही' असा शेरा मिळतो.

हे पत्र समितीबाहेरची मंडळीही वाचतील, म्हणून थोडं मुळापासून सांगते. कापूस असो, लाकूड असो की गवत, वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजच्या लांब साखळ्या जुड्या करून असतात. या जुड्यांचा काही भाग अगदी रेखीव, स्फटिकासारखा रचलेला असतो आणि काही भाग विस्कळीत. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड विस्कळीत भागावर आधी तुटून पडतं. वेळेवर थांबवलं तर मागे उरतात त्या स्फटिकी काड्या, म्हणजेच सेल्युलोज नॅनोक्रिस्टल्स. या काड्या आणि सेल्युलोजचे असेच अतिसूक्ष्म तंतू यांना मिळून नॅनोसेल्युलोज म्हणतात. कापसापासून केलेल्या काड्यांची लांबी साधारण 100 ते 300 नॅनोमीटर आणि जाडी 5 ते 10 नॅनोमीटरच्या आसपास. लांबीच्या दिशेने त्यांचा ताठपणा सुमारे 140 गिगापास्कल मोजला गेला आहे. पोलादाचा 200 आहे, पण पोलाद जवळजवळ पाचपट जड. वजनाच्या हिशोबात हा कापसातला कण पोलादापेक्षा तिपटीहून जास्त ताठ ठरतो. या पदार्थाबद्दल जगभर एवढी ओढ का आहे, ते इथे कळतं.

आणि तो तयार होताना पाहणं हा खरोखर आनंदाचा भाग आहे. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही फिल्टर पेपर बारीक करून घेतो. तो शुद्ध कापसाचाच असतो. 64 टक्के सल्फ्युरिक ॲसिड 45 अंशांवर स्थिर ठेवायचं, त्यात तो टाकायचा आणि पाऊण तास ढवळत राहायचं. लगदा पातळ होत जातो, रंग फिकट पिवळसर दिसू लागतो. तापमान चढलं किंवा वेळ लांबली तर तो तपकिरी होऊन जळतो आणि सगळं फेकावं लागतं. पाऊण तासाने दहापट थंड पाणी ओतून क्रिया थांबवायची. मग सेंट्रिफ्यूज. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत खाली गाळ आणि वर स्वच्छ पाणी दिसतं. ॲसिड धुतलं जाऊन कमी झालं की एका फेरीत वरचं पाणी अचानक गढूळ राहतं. नवखी मुलं घाबरतात, काहीतरी बिघडलं म्हणतात, पण तीच खूण असते: काड्यांच्या अंगावर सल्फेटचे ऋण भार बसलेले असतात, त्या एकमेकींना दूर लोटतात आणि खाली बसायला नकार देतात. पुढे काही दिवस डायलिसिस, म्हणजे उरलेलं ॲसिड पातळ पडद्यातून पाण्यात झिरपू देणं, मग अल्ट्रासोनिकची थोडी मात्रा. शेवटी ती बाटली दोन आडव्या-उभ्या पोलरायझरच्या (प्रकाशाच्या कंपनांची एकच दिशा पार होऊ देणाऱ्या पट्ट्यांच्या) मधे धरून हलवली की आत रंगांच्या लाटा उठतात. थोडा द्रव पेट्री डिशमध्ये तसाच सुकू दिला तर कसलाही रंग न घालता निळी-हिरवी झाक मारणारी पापुद्र्यासारखी फिल्म मिळते, कारण काड्या स्वतःहून पेचदार थरांत रचल्या जातात. ही पेचदार रचना 1992 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या परिसरातल्या संशोधकांनी दाखवून दिली. ॲसिडने सेल्युलोजचे असे कण वेगळे करण्याचं काम तर त्याच्याही आधीचं: स्वीडनमध्ये बेंग्ट रोन्बी यांनी ते 1950च्या सुमारास केलं होतं.

म्हणजे ज्या पद्धतीला आपण आज नवा प्रकल्प म्हणून पैसे देतो, तिला पाऊणशे वर्षं होत आली. केळीच्या खोडातला स्फटिक आणि संत्र्याच्या सालीतला स्फटिक यांची अंतर्गत रचना जवळपास एकच असते. फरक पडतो तो लांबीत, उताऱ्यात आणि सोबत राहून गेलेल्या अशुद्धीत. हा फरक कधी महत्त्वाचा असतो हे मी नाकारत नाही. समुद्रातल्या ट्युनिकेट या प्राण्याच्या आवरणातून मिळणाऱ्या काड्या कितीतरी लांब असतात, आणि त्यांच्याच जोरावर 1995 मध्ये ग्रेनोबलच्या संशोधकांनी दाखवलं की थोड्याशा काड्या मिसळल्याने मऊ पॉलिमर किती ताठ होऊ शकतो. तिथे स्रोत बदलल्याने नवं ज्ञान मिळालं. आपल्याकडच्या यादीतल्या विसाव्या सालीपासून ते मिळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने हात बसावा म्हणून तो प्रयोग जरूर करावा. तीन वर्षांचा निधी त्यावर खर्ची पडू नये.

आता ॲसिडकडे येते. इथेच सगळं अडतं. प्रसिद्ध पद्धतींमध्ये एक ग्रॅम सेल्युलोजला साधारण 9 ते 18 मिलीलिटर 64 टक्क्यांचं ॲसिड लागतं. आपण कमीत कमी धरू. एक किलो सेल्युलोजला 9 लिटर ॲसिड, म्हणजे वजनाने सुमारे 14 किलो, त्यात शुद्ध सल्फ्युरिक ॲसिड 9 किलोच्या आसपास. क्रिया थांबवायला दहापट, म्हणजे 90 लिटर पाणी, धुण्याचं पाणी वेगळंच. हे सगळं चुन्याने निष्प्रभ केलं तर 15 किलोहून अधिक जिप्सम हाती येतं. आणि उतारा समजा 40 टक्के मिळाला, तर या सगळ्या खटाटोपातून नॅनोक्रिस्टल्स येतात 400 ग्रॅम. यवतमाळ, अकोला, बुलडाण्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाजवळ असा कारखाना टाकायचा असेल, तर पाण्याचा हा हिशोब प्रबंधाच्या पहिल्या पानावर हवा. 'हरित पदार्थ' हे विशेषण त्यानंतर लावावं.

यावर उपाय आहेत. ॲसिड गाळून, पडद्यातून वेगळं करून, बाष्पीभवनाने पुन्हा तीव्र करता येतं, सोबत विरघळलेली साखर वेगळी काढता येते. ऑक्झॅलिक ॲसिडसारखी परत स्फटिक करून घेता येणारी ॲसिडं वापरता येतात. टोक्योत आकिरा इसोगाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पो नावाच्या उत्प्रेरकाने सेल्युलोजचे तंतू सुटे करायची वेगळीच वाट काढली, 2015चा मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला. या प्रत्येक वाटेवर अभियांत्रिकीचे कितीतरी प्रश्न पडून आहेत. पडदा किती दिवसांत तुंबतो, साखर मिसळलेलं ॲसिड तापवताना किती काळवंडतं, तिसऱ्यांदा वापरलेल्या ॲसिडातून निघालेल्या काड्यांवर भार तेवढाच बसतो का. पंपाशी, गळतीशी, गंजाशी झटापट करून मिळणारी ही उत्तरं आहेत. त्यांच्यावर चकचकीत पेपर निघत नाही, पण कारखाना उभा राहतो तो त्यांच्याच बळावर.

आमच्या एका विद्यार्थिनीने नेमका हाच विषय मांडला होता: एकच ॲसिड पुन्हा पुन्हा वापरायचं आणि दर फेरीगणिक मालात काय फरक पडतो ते नोंदवायचं. खर्च मामुली, उपकरणं बहुतेक हातातली. मुलाखतीत तिला विचारलं गेलं, कच्चा माल कोणता? तिने सांगितलं, कापूस, कारण तो सगळ्यांत शुद्ध आहे आणि मला फक्त ॲसिडचा परिणाम मोजायचा आहे. शेरा आला, 'स्रोतामध्ये नावीन्य नाही'. ती समिती कोणती हे सांगण्यात अर्थ नाही, हा शेरा कुठेही मिळाला असता. मुलगी आता एका औषध कंपनीत नमुने तपासते. तिचं उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक होतं आणि त्यासाठीच तिचे गुण कापले गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

वाळवण्याची गोष्ट याहून साधी वाटते, पण तिच्यामुळे अख्खे प्रकल्प वाया गेले आहेत. नॅनोक्रिस्टल्स पाण्यात असतात तोवर सुटे असतात. वाळले की हायड्रोजन बंधांनी एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा सुटत नाहीत. पातळ द्रवात नव्वदहून जास्त टक्के पाणीच असतं, ते टँकरमध्ये भरून विकायला नेणं कोणालाच परवडत नाही. वाळवण्याआधी सोडियम हायड्रॉक्साइडने ते उदासीन करून घेतले, तर भुकटी पाण्यात पुन्हा छान विरघळल्यासारखी पसरते, आणि उष्णताही जास्त सोसते. आम्लरूपात, म्हणजे भारांशी सोडियमऐवजी हायड्रोजन असताना, वाळवले तर दोन्ही गोष्टी हातच्या जातात. एवढी साधी, स्वस्त, जाहीर माहिती. तरी माझ्याकडे वाचायला येणाऱ्या प्रबंधांपैकी कित्येकांत काड्यांवर सोडियम होता की हायड्रोजन, हेच लिहिलेलं नसतं. मग दुसऱ्या प्रयोगशाळेने तोच प्रयोग करून वेगळं उत्तर आलं, तर चूक कुणाची ठरवणार?

कॅनडाने हे फार आधी ओळखलं. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने नॅनोक्रिस्टल्सचे प्रमाणित नमुने तयार केले, ज्यांच्याशी ताडून कोणीही आपलं मोजमाप तपासू शकतो. क्युबेकमधल्या विंडसर गावी सेलुफोर्स कंपनीचा दिवसाला एक टन क्षमतेचा कारखाना 2012 साली सुरू झाला, त्यामागे कागद उद्योग आणि संशोधन संस्था यांची भागीदारी होती. त्याच वर्षी अमेरिकेत मॅडिसनच्या वनोत्पादन प्रयोगशाळेने प्रायोगिक कारखाना उघडला, आणि तिथला माल मेन विद्यापीठामार्फत संशोधकांना विकत मिळू लागला. त्यामुळे शेकडो प्रयोगशाळांना आपापल्या बीकरात काड्या तयार करत बसावं लागलं नाही. सगळ्यांनी एकाच पोत्यातला माल घेतला आणि आपलं डोकं उपयोगावर लावलं: सिमेंटमध्ये, रंगात, तेलविहिरींच्या खोदकामात, कागदावरच्या लेपात. जपानने नॅनोतंतू बॉलपेनच्या शाईत घातले, प्रौढांच्या डायपरमध्ये घातले, पळायच्या बुटांच्या तळव्यात घातले. साध्या वस्तू आहेत, पण विकल्या गेल्या.

आपल्याकडे काही नाही असंही नाही. माटुंग्याला सिरकॉट, म्हणजे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, 1924 पासून कापसाचा धागा न् धागा मोजत आली आहे. तिथे नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना सुमारे दशकभरापूर्वी उभा राहिला, दिवसाला 10 किलोच्या क्षमतेचा. त्याच माटुंग्यात रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, नागपुरात कापूस संशोधन संस्था, अकोल्यात कृषी विद्यापीठ. एवढं सगळं एका राज्यात असणं ही साधी गोष्ट नव्हे. मग विद्यापीठांनी प्रत्येक प्रकल्पात नवं सेंट्रिफ्यूज घेण्याऐवजी अशा एखाद्या ठिकाणाहून एकसारखा माल विकत घ्यावा, आणि ज्या मुलांना उपयोग शोधायचा आहे त्यांनी तिसऱ्या वर्षाऐवजी पहिल्याच महिन्यात उपयोगाला हात घालावा, असं का होऊ नये? यासाठी समितीने फक्त खर्चाच्या शीर्षात 'प्रमाणित माल खरेदी' असा रकाना मान्य करायचा आहे.

शेतकऱ्याच्या नावाबद्दल थोडं बोलायलाच हवं. या विषयावरचा जवळजवळ प्रत्येक अर्ज शेतकऱ्यापासून सुरू होतो: काडीकचरा जाळला जातो, प्रदूषण होतं, आमच्या संशोधनाने शेतकऱ्याचं उत्पन्न वाढेल. मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या काड्यांच्या, मुलखातली आहे. वेचे संपले की चिमट्याने उपटून धुऱ्यावर रचलेले ढीग आणि संध्याकाळी लागलेली आग आम्ही दरवर्षी बघतो. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात जो कहर केला, त्यानंतर पऱ्हाटी शेतात ठेवू नका, फरदड (हंगाम संपल्यावरही पीक राखून घेतलेला कापूस) घेऊ नका, हे कृषी खात्याने गावोगाव सांगितलं. म्हणून पऱ्हाटी लवकर शेताबाहेर जाणं गरजेचंच आहे. पण नॅनोक्रिस्टल्स हा त्यावरचा उपाय आहे का, हे कागदावर मांडून बघा. पऱ्हाटीत सेल्युलोज निम्म्याहून कमी, लिग्निन, म्हणजे काडीला ताठ ठेवणारा चिवट घटक, पाव हिश्शाच्या आसपास. आधी कॉस्टिकमध्ये शिजवून, मग ब्लीच करून लिग्निन काढायचं, तेव्हा कुठे ॲसिडची पाळी. शेवटी हाती लागतं मूळ वजनाच्या 15 टक्क्यांच्या आसपास. विंडसरएवढा, दिवसाला टनभर माल काढणारा कारखाना वर्षातले 300 दिवस चालवायला अशी सुमारे 2,000 टन पऱ्हाटी पुरेल. हेक्टरी अडीच टन धरली तर हजार हेक्टरच्या आतलं शिवार, म्हणजे दोन-तीन गावं. महाराष्ट्रात कापूस उभा असतो 40 लाख हेक्टरांच्या आसपास.

मोठ्या प्रमाणावर पऱ्हाटी उचलायची तर पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट, लगदा, खत अशा जाड्याभरड्या वाटा हव्यात, आणि सिरकॉटने बोर्डाचं तंत्र कधीच करून दाखवलेलं आहे. उसाच्या चिपाडाला तर साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये गिऱ्हाईक बसलेलंच आहे, त्याला कचरा म्हणणंच चूक. नॅनोक्रिस्टल्स हा थोडा, महाग, काटेकोर माल आहे. त्याची किंमत येईल ती दर्जातून आणि सारखेपणातून, टनांतून येणार नाही. मग कच्चा मालही तसाच शुद्ध निवडावा. आमच्या भागात सरकीवर राहिलेला आखूड तंतू, म्हणजे लिंटर, बहुतेक तेलगिरण्या काढतच नाहीत, सरकी तशीच भरडली जाते आणि तो तंतू ढेपेतून गुरांच्या पोटात जातो. गुरं सेल्युलोज पचवतात, तेव्हा तो फुकट जातो असं मी म्हणणार नाही. पण जवळजवळ शुद्ध सेल्युलोज आपल्या तालुक्याच्या गिरणीत असताना आपण जलपर्णी उकळत बसतो, हे मला पटत नाही. लिंटर काढण्याचं यंत्र छोट्या गिरणीला परवडेल का, ढेपेचा दर त्याने वाढेल की पडेल, यावर एखाद्या प्रकल्पाला पैसे द्या. गिरणीमालक आणि शेतकरी दोघंही त्याचा अहवाल वाचतील.

आता प्रत्यक्ष काय बदलावं. नॅनोसेल्युलोजच्या अर्जात तीन गोष्टी सक्तीच्या करा: एक किलो मालामागे लागणारं ॲसिड आणि पाणी, वाळवून पुन्हा पसरवल्यावर कणांचा आकार, आणि काड्यांवरच्या भाराचं मोजमाप कोणत्या नमुन्याशी ताडून पाहिलं ते. हे सांगता येत नसेल तर पहिल्या वर्षाचं काम तेच असू द्या. 'नवीन स्रोत' याला गुण देणं थांबवा. किमान एक परीक्षक असा बसवा ज्याने कधीतरी कारखान्यात पंप बदलला आहे. रंग, कागद, पॅकेजिंगच्या धंद्यातली माणसं ठाणे-बेलापूर पट्ट्यात, चाकणला, बुटीबोरीला भरपूर आहेत, बोलावलं तर येतील. आणि कोरडी भुकटी हाताळणाऱ्या मुलांच्या मास्कसाठी, हवा खेचणाऱ्या कपाटासाठी वेगळी तरतूद ठेवा. वनस्पतीपासून आलेला पदार्थ आहे म्हणून एवढ्या बारीक काड्या छातीत गेलेल्या चालतात, असं समजू नये. आमच्यासारख्या ग्रामीण महाविद्यालयांत ही काळजी बहुतेक वेळा गाईडच्या खिशातून होते.

अयशस्वी प्रयोगांचंही एक मागणं आहे. पडदा तुंबला, फिल्म तडकली, वितळत्या पॉलिप्रॉपिलिनमध्ये भुकटी काळी पडली, या नोंदी आज वहीत मरतात आणि पुढच्या विद्यापीठातली मुलगी पुन्हा तीच दोन वर्षं घालवते. निधीचा शेवटचा हप्ता देताना अशा नोंदींचा एक मराठी किंवा इंग्रजी गोषवारा मागून घ्या आणि तो सगळ्यांना वाचता येईल असा ठेवा. याला वेगळा खर्च नाही.

पुढच्या वर्षीच्या अर्जांचा नमुना ठरवताना या पत्रातला निदान प्रमाणित मालाचा रकाना आणि ॲसिड-पाण्याचा हिशोब एवढ्या दोन बाबी बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात, ही विनंती. त्या विद्यार्थिनीच्या प्रस्तावाची प्रत माझ्याकडे आहे. नाव झाकून, ती म्हणेल त्या अटींवर, मी ती समितीपुढे ठेवायला तयार आहे. त्यावर पुन्हा एकदा गुण द्या.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक अध्यापिका
यवतमाळ जिल्हा